काळी चारची ऑल्टो

मी पुण्यात ख्याल शिकले आणि लग्नानंतर नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला आले. आता आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि कार्यक्रम जवळ आला की शनिवार-रविवारही, आम्ही आठ जण एका चर्चच्या मागच्या खोलीत उभे राहून पंधराव्या-सोळाव्या शतकातलं युरोपीय संगीत गातो. साथीला वाद्य नाही, माइक नाही, आणि एका ओळीला एक किंवा फार तर दोन गळे. पुण्याला गेले की दोन प्रश्न ठरलेले. ‘मग ख्याल सोडलास की काय?’ आणि ‘तिकडच्यांना तुझा आवाज चालतो कसा गं?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच. दुसऱ्याला जरा लांबण लागतं, म्हणून आकडे घालून लिहिते.

१. आधी पट्टी बघा

माझी पट्टी काळी चार. आपल्याकडे बाई काळी चारमध्ये गायली तर कुणाला त्यात विशेष वाटत नाही. उट्रेख्टला आल्यावर शेजारणीच्या ओळखीने एका हौशी कॉयरमध्ये गेले, तर बाई आहे म्हणजे सोप्रानो, सगळ्यात वरची ओळ, एवढ्या सरळ हिशेबाने मला सोप्रानोंच्या रांगेत बसवलं. त्यांचे आवाज जिथे खुलतात तिथे माझं तारसप्तक केव्हाच संपलेलं. काळी चारचा षड्ज म्हणजे पियानोवरच्या मधल्या ‘सी’च्या खालचा ‘जी शार्प’. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत मी आरामात फिरते, आणि सोळाव्या शतकातल्या ऑल्टोची, म्हणजे वरून दुसरी, ओळ या टापूत अलगद बसते. त्या काळी ती उंच आवाजाचे पुरुष गात. आजच्या कॉयरमध्ये ती बायकांना खाली पडते आणि टेनरना वर. त्यामुळे अशा आवाजाची नेहमीच वानवा. माझी तिथे वर्णी लागली ती गुणांपेक्षा या वानवेमुळे.

पुढे कळलं की पट्टीचा प्रश्न त्या लोकांनाही आपल्यासारखाच होता. सगळ्या युरोपात एकच ठरलेला सूर अशी गोष्ट तेव्हा नव्हतीच; गावोगावच्या ऑर्गनचे सूर निरनिराळे. आज जुन्या संगीताची मंडळी बरोक रचनांसाठी ‘ए’ ४१५ हर्ट्झवर धरतात, फ्रेंच रचनांसाठी बरेचदा ३९२ वर, आणि काही इटालियन रचनांसाठी थेट ४६६ वर, पण हे आकडे विसाव्या शतकात सोयीसाठी ठरलेले आहेत. वाद्याविना गाणाऱ्यांना तेही बंधन नाही. कागदावर ओळ उंच दिसली तरी ठरावीक चिन्हं असली की ती चार-पाच सूर खाली उतरवून गायची, असा तेव्हाचा संकेत होता. षड्ज गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतो, हे मला इथे येऊन कुणी नव्याने सांगायची गरज पडली नाही.

उट्रेख्टमध्ये १९८२ पासून दरवर्षी ऑगस्टअखेरीस जुन्या संगीताचा दहा दिवसांचा महोत्सव भरतो. गावातल्या चर्चांतून, छोट्या दालनांतून सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं-वाजवणं चालू असतं. तिथेच मी पहिल्यांदा पाच-सहा माणसांना एका ओळीला एकेक गळा अशा बेताने गाताना ऐकलं आणि मोठ्या कॉयरवरचं मन उडालं.

२. गंधार आपल्या पदरात आहे

तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला आणि जवारी बसली की त्यातून गंधार आपोआप बोलतो. आमच्या बाई शिकवणीला बसण्याआधी तो ऐकायला लावत. ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या चौदा भागांनी.

पियानोवर वाढलेल्या गायकांना हे चौदा भाग खाली यायला फार जड जातं. एका रचनेच्या शेवटच्या स्वरमेळात बास ‘सी’वर होता, टेनर ‘जी’वर, आणि ‘ई’ माझ्याकडे. मी खर्जातला गंधार लावला. बास गाणारे गृहस्थ गातागाता कागदावरून मान वर काढून माझ्याकडे बघायला लागले. संपल्यावर म्हणाले, ‘खालून काहीतरी गुंजल्यासारखं झालं.’ स्वर नितळ लागला की तसं होतंच. सोळाव्या शतकातले वाद्यकारही या गंधारासाठी पंचम किंचित बिघडवून वाद्यं जुळवत. पिएत्रो आरोनने १५२३ च्या ग्रंथात तशी रीत सांगितली आहे. तेव्हा ख्याल शिकलेल्याने इथे न्यूनगंड घेऊन येऊ नये. कागद वाचता येत नसेल. कान मात्र तयार आहे.

३. षड्ज सरकतो

आता याच्या उलटची गोष्ट. मला सगळ्यात जास्त छळलं ते हिने.

आपल्या गाण्यात षड्ज म्हणजे तंबोरा. तो मागे आहे म्हणून आपण वाटेल तिथे भटकून येतो. इथे तंबोरा नाही. शिवाय प्रत्येक स्वरमेळात आधारस्वर बदलतो. समजा बास ‘सी’वरून निघून ‘एफ’वर आलाय आणि माझा ‘ए’ त्याचा गंधार म्हणून सुरेख लागलाय. पुढच्या क्षणी बास ‘डी’वर येतो, म्हणजे माझा तोच ‘ए’ आता पंचम झाला. मी हलले नाही, तर त्याने माझ्या ‘ए’वरून शुद्ध पंचम मोजून ‘डी’ लावायचा. त्या ‘डी’वरून ‘जी’, ‘जी’वरून ‘सी’. सगळ्यांनी प्रामाणिकपणे, एकमेकांना शुद्ध लावत हा फेरा केला, की परत आलेला ‘सी’ निघालेल्या ‘सी’पेक्षा उतरलेला असतो. साधारण अर्धस्वराच्या पाचव्या हिश्शाने. असे पाच फेरे झाले की अख्खा गट अर्धा स्वर खाली. बेसूर मात्र कुणीच गायलेलं नसतं!

जोव्हान्नी बत्तिस्ता बेनेदेत्ती नावाच्या गणितज्ञाने हे १५६३ च्या सुमारास पत्रांतून मांडलं. पत्रं लिहिली होती चिप्रियानो दे रोरे या त्या काळच्या मोठ्या रचनाकाराला. ती छापून आली १५८५ मध्ये. त्याने निरनिराळ्या स्वरमालिका घेऊन दाखवलं की एकीत सूर उतरत जातो, दुसरीत चढत जातो. हा जो बारीक फरक, ८१ ला ८० हे ज्याचं गुणोत्तर, तो मला ओळखीचा वाटला. नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग आहे: एक वीणा तशीच ठेवायची, दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायचा. त्या प्रमाणश्रुतीचं माप अनेक आधुनिक अभ्यासक हेच सांगतात, ८१ ला ८०. पुण्यात श्रुतींवरची व्याख्यानं मी जांभया देत ऐकली आहेत. त्या श्रुतीने प्रत्यक्ष पायाखालची जमीन सरकते हे इथे कळलं.

तालमीत एक रचना संपली की आमच्यापैकी एक जण ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरतो आणि निकाल सांगतो. पहिल्यांदा ‘पाव स्वर खाली’ असं ऐकलं तेव्हा मला अंगावर काटा आला. बाकीचे चहा ओतून घेत होते. मी मात्र पुढच्या खेपेला षड्ज मनात घट्ट धरून बसले. परिणाम असा की सातही जण एकमेकांत गोड लागलेले आणि मी त्यांच्यावर तरंगतेय. अशा वेळी आपला षड्ज न सोडणारा माणूसच बेसूर. हे पचायला फार वेळ लागला, कारण आयुष्यभर जे पुण्य म्हणून कमावलं त्याच्या विरुद्ध जाणारं हे आहे.

त्यावर उपाय आहेत, पण ते कामचलाऊ. कोणत्या जागी कुणी हलायचं हे आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवतो. शेवटचे स्वरमेळ आणि लांब थांबे शुद्ध करायचे, धावत्या जागी पंचम थोडा पिळून घ्यायचा. थोडंफार उतरलं तर उतरलं. कसलेले गटही हेच करतात.

४. कण गाळा

ख्याल गाणारा माणूस कुठलाही स्वर कोरा लावत नाही. खालून किंवा वरून शेजारच्या स्वराचा कण लागतोच, आणि तो लागलाय हे त्याला स्वतःला कळतही नाही. चार ओळी एकाच क्षणी सुरू व्हायच्या असतात तेव्हा हा कण पाव सेकंद खातो आणि अख्खा स्वरमेळ मळका होतो. यावर मला लागू पडलेला उपाय आपल्याच घरचा आहे: सकाळी खर्ज लावतो तसा प्रत्येक स्वर ‘आ’वर, मींडेविना, थेट मधोमध लावायचा.

५. सम शोधू नका

ठेका नाही, आवर्तन नाही, सम नाही. आहे तो हाताचा खालीवर होणारा संथ ठोका. त्याला टॅक्टस म्हणतात. जुन्या चित्रांतून गाणारी मंडळी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी दिसतात. तो जिव्हाळा असेल कदाचित, पण बोटाने खांद्यावर ठोका देण्याची ती सोय आहे. आम्ही तालमीत तसं करून बघतो. डोळ्यांनी बघून येणारा ठोका आणि खांद्यावर पडणारा ठोका यांत फार फरक आहे. दुसरा थेट श्वासात जातो.

जुन्या कागदांवर मात्रांचे उभे विभाग नसतात, आणि सगळ्या ओळी एकाखाली एक मांडलेल्याही नसतात. प्रत्येकाच्या हातात त्याची स्वतःचीच ओळ. संगीत नाटकातल्या नटाला जशी फक्त त्याच्या भाषणांची नक्कल मिळायची, तसंच. दुसरा काय म्हणतोय हे कानानेच कळून घ्यायचं. नाही तर चर्चमध्ये एकच भलीमोठी पोथी घोडीवर ठेवलेली असे: डाव्या पानावर वर सोप्रानो, खाली टेनर, उजव्या पानावर ऑल्टो आणि बास, आणि सगळे गायक तिच्याभोवती दाटीवाटीने. लायडनच्या पीटर्सकेर्क या चर्चसाठी केलेल्या अशा सहा पोथ्या अजून शिल्लक आहेत. त्यांतल्या पानांच्या छायाप्रतीवरून आम्ही गातो तेव्हा पुढच्यांना वाकावं लागतं आणि पानाचा कोपरा कुणी उलटायचा यावरून दर वेळी गोंधळ होतो.

मला नडल्या त्या विश्रांती. ख्यालात आपण थांबतो तेव्हा पेटीवाला भरतो आणि तबला चालू असतो. मोजायचं काही नसतं. इथे बारा ठोके गप्प राहून तेराव्याला, कुणी खूण न करता, नेमकं आत शिरायचं. मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

याच पेरांची आणखी एक गंमत. अकराव्या शतकातल्या गिदो द’आरेत्सो या भिक्षूने उट, रे, मी, फा, सोल, ला या सहा अक्षरांवर स्वर शिकवायची रीत घातली. पुढे हे स्वर डाव्या हाताच्या पेरांवर मांडून शिकवत. हा हात गिदोच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या स्वतःच्या लेखनात तो सापडत नाही. अक्षरं सहाच. ओळ त्यापलीकडे गेली की ‘उट’ दुसरीकडे हलवायचा. अर्धस्वर कायम ‘मी’ आणि ‘फा’ यांच्यामध्ये. मूर्च्छना करून बघितलेल्या माणसाला हे दोन संध्याकाळींत जमतं. मी आधी सगळं सरगममध्ये लिहून घ्यायचे, पण ते पाठांतर होतं; कागद वाचायला शिकले ते या सहा अक्षरांनी. वाचता येणं हे तेव्हा शिष्टाचारातच जमा होतं, निदान पुस्तकात तरी. टॉमस मोर्ली या इंग्रज रचनाकाराच्या १५९७ च्या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे: एका गृहस्थाला मेजवानीनंतर यजमानीण गायला एक ओळ देते, त्याला वाचता येत नाही, आणि लोक कुजबुजतात की हा वाढला तरी कुठे. तो दुसऱ्याच दिवशी मास्तर गाठतो.

६. न लिहिलेलं गायचं असतं

कागदावर साधा स्वर असतो, पण ओळ विसाव्याला येते तेव्हा तो तीव्र करून गायचा असतो. लिहिणारा ती खूण करत नसे, कारण गाणाऱ्याला ते कळतं हे गृहीत. आजचे संपादक ओळीच्या वर बारीक खुणा छापतात आणि दोन संपादकांच्या खुणा जुळत नाहीत. आमच्या गटात यावरून जेवढे वाद होतात तेवढे कार्यक्रमाच्या मानधनावरून होत नाहीत. भातखंडे लिपीत दरबारीचा गंधार नुसता कोमल म्हणून लिहितात, आणि त्यावरून गाणाऱ्याने दरबारी गायला तर काय होतं हे आपल्याला माहीत आहे. कागदावर किती भरवसा ठेवायचा याची आपली समज इथे फार कामाला येते.

७. तान येते म्हणून घ्यायची नाही

गळ्यातून झरझर जाणाऱ्या स्वरांना इटालियन लोक गॉर्जा म्हणत. लुदोव्हिको झाक्कोनीने १५९२ मध्ये यावर बरंच लिहिलंय, आणि त्याआधी १५३५ मध्ये व्हेनिसच्या सिल्व्हेस्त्रो गानास्सीने बासरीवाल्यांसाठी, १५५३ मध्ये दिएगो ओर्तिसने व्हायोलवाल्यांसाठी अशी पुस्तकं काढली. ती उघडली तर आपल्या पलट्यांच्या वह्याच. दोन स्वरांमधलं एक अंतर घ्यायचं आणि ते भरायच्या पानंच्या पानं तऱ्हा. मी ती वाचून हरखलेच. हे तर मला येतं!

येतं, पण गायचं कधी, हा पेच. चार ओळींच्या रचनेत एकीने तान घेतली की दुसरीने स्थिर राहायला हवं. दोघींनी घेतली की चिखल. ऑल्टोने तर फारच जपून, कारण मधली ओळ हलली की वरची आणि खालची दोन्ही डळमळतात. आमच्या संचालकांनी मला एका मॅड्रिगलमध्ये, म्हणजे कवितेवरच्या अनेक आवाजांच्या रचनेत, एकच जागा दिली, उपांत्य स्वरमेळावरची, आणि तेवढ्या जागेसाठी मी आठवडाभर घरात गुणगुणत होते. ख्यालात तेवढ्या वेळात मी आलापही मांडला नसता.

या संदर्भात फेराराचा दरबार मला सारखा आठवतो. तिथल्या ड्यूक दुसऱ्या आल्फोन्सोने १५८० पासून खास गायिका नेमल्या: लाऊरा पेव्हेरारा, आन्ना ग्वारीनी, लिव्हिया द’आर्को. पेव्हेरारा हार्प वाजवायची, ग्वारीनी ल्यूट, द’आर्को व्हायोल. दरबारातल्या निवडक पाहुण्यांपुढे, जवळपास रोज त्यांचं गाणं होई. त्यांची ख्याती ही की तिघी मिळून ताना घेत. एकीमागून एक, आणि एकाच वेळीही. रचना ड्यूकने बाहेर जाऊ दिल्या नाहीत. तो १५९७ मध्ये वारला, वारस नव्हता, फेरारा पोपच्या ताब्यात गेलं, आणि मग १६०१ मध्ये लुत्सास्की या दरबारी संगीतकाराने एक, दोन आणि तीन सोप्रानोंसाठीची ती मॅड्रिगलं रोममध्ये छापली, तानांसकट.

तानांसकट, हेच मला महत्त्वाचं. त्या उत्स्फूर्त नव्हत्या. कुठे कुणी निघायचं, कुठे दोघींनी षड्ज-गंधाराएवढं अंतर राखून जोडीने उतरायचं, सगळं बांधलेलं. तान म्हणजे त्या क्षणी सुचलेली, नाही तर ती घोकंपट्टी, असं मी धरून चालले होते. सोप्रानो मैत्रिणींबरोबर त्यातलं एक आम्ही आमच्या पट्टीत उतरवून बसवलं, तेव्हा कळलं की बांधलेली तान तिघींनी एका श्वासात घेण्यात सुचण्याइतकीच जोखीम असते. एकीचा ‘आ’ जरासा ‘ऑ’कडे झुकला तरी ऐकणाऱ्याला तिन्ही गळे सुटेसुटे ऐकू येतात. आम्ही स्वरांआधी नुसते ‘आ’ जुळवत बसायचो. इटालियन गायक काचिनीच्या १६०२ च्या पुस्तकातला ट्रिल्लो मात्र, एकाच स्वरावर गळ्याने आधी सावकाश आणि मग भराभर ठोके द्यायचे तो, मला अजून हसू न येता जमत नाही.

८. अस्सलपणाच्या भानगडीत फार पडू नका

काहींना सगळं अगदी तेव्हासारखं हवं असतं. तेव्हासारखंच करायचं तर पालेस्त्रीना या सोळाव्या शतकातल्या रोमच्या रचनाकाराचं संगीत गाताना मला पहिल्यांदा घरी पाठवावं लागेल. सिस्टिन चॅपलमध्ये वरच्या ओळीही पुरुषच गात. बायका गायच्या त्या मठांत, जाळीआडून, नाही तर फेरारासारख्या दरबारांत. बालगंधर्वांच्या गावात वाढलेल्या माणसाला पुरुषाने बायकी पट्टीत गाण्याचं काही वाटत नाही, आणि उलटही वाटू नये. बाखच्या कॉयरमध्ये एका ओळीला किती माणसं होती यावर जोशुआ रिफ्किन यांनी १९८१ मध्ये ‘एकच’ असं म्हटल्यापासून विद्वान अजून भांडताहेत. मला त्या भांडणाचा फायदा एवढाच झाला की छोट्या गटांना बरे दिवस आले.

९. ‘तुमचा याच्याशी काय संबंध?’

हा प्रश्न इथे कार्यक्रमानंतर कधीतरी येतोच, बहुतेक वेळा आपुलकीने. एकदा विल्यम बर्डचा चार आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक उपासनेचं संगीत, गाऊन झाल्यावर आला.

बर्ड हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चॅपलमधला गायक-रचनाकार, आणि धर्माने कॅथलिक. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासना बेकायदा. तरी त्याने १५९२-९३ च्या सुमारास हा मास छापला. मुखपृष्ठ नाही, साल नाही, मुद्रकाचं नाव नाही. गाणार कोण, तर एसेक्ससारख्या भागातले कॅथलिक जमीनदार आणि त्यांची माणसं, घरात, दारं लावून. म्हणून तो मोठ्या कॉयरने गायला की मला पटत नाही. शेवटच्या भागात आवाज एकमेकांवर घासत खाली उतरतात, ते चौघांनी एका खोलीत गायलं तरच अंगावर येतं.

मी विचारणाऱ्या बाईंना सांगितलं की त्याच पिढीतला एक इंग्रज कॅथलिक १५७९ मध्ये जहाजाने गोव्याला आला आणि परत गेला नाही. फादर टॉमस स्टीफन्स. साष्टीत राहिला, माझी भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ त्याने मराठीत, ओव्यांमध्ये लिहिलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. बर्डचा हा मास त्याच्या कानावर पडला असण्याचा संभव नाही, तो केव्हाच इकडे येऊन पोचला होता. पण देश सोडावा लागण्याचं किंवा देशात लपून गाण्याचं कारण एकच. बाईंनी पुस्तकाचं नाव कागदावर लिहून घेतलं. खरं सांगायचं तर संबंध नसता तरी मी गायलेच असते. मारवा गाणाऱ्या डच मुलीला आपण तिचा संबंध विचारत नाही, विचारू नये.

१०. दाद आणि पैसे

दाद मिळत नाही. एक भाग संपला की लोक खोकतात, आणि टाळ्या अगदी शेवटी. चांगली जागा झाली तर टेनरची एक भुवई वर जाते, तेवढ्यावर भागवायचं. पैसेही फारसे नाहीत. आमच्यातल्या बहुतेकांना दुसरी नोकरी आहे, आणि ज्यांना नाही ते शिकवण्या करतात. हिवाळ्यात चर्चचं हीटर कार्यक्रमापुरतंच लावतात, तालमीला नाही. आतून लोकरीचं घालावं.

११. सुरुवात दोघांनी करा

‘मला पण गायचंय, कॉयर कुठे शोधू?’ असं विचारणाऱ्या ख्यालाच्या विद्यार्थ्यांना मी कॉयरकडे पाठवत नाही. मुंबईत परांजोती कॉयरसारखी जुनी परंपरा आहे, गोव्यात लेंटच्या दिवसांत अजूनही अनेक आवाजांत मोटेट गातात. ते जरूर ऐकावं. पण मोठ्या गटात नवखा माणूस शेजारणीच्या आवाजावर रेलून जातो आणि वर्षभराने त्याला काहीच आलेलं नसतं.

त्यापेक्षा ओर्लांडो दी लासो या सोळाव्या शतकातल्या रचनाकाराचे दोन आवाजांचे तुकडे घ्यावेत. १५७७ मध्ये म्युनिकमध्ये छापलेले, चोवीस, त्यांतले अर्धे शब्दांसह आणि अर्धे नुसते स्वर. कागद फुकट मिळतात. पट्टी आपल्या सोयीने ठेवावी. पेटी लावू नये, तंबोराही लावू नये. पहिला आठवडा कानकोंडं होतं, होऊ द्यावं. एकीने दुसरीच्या खांद्यावर ठोका द्यावा आणि दर तालमीला ओळी बदलाव्यात. ध्वनिमुद्रण लावून त्याच्याबरोबर गायचा मोह होतो, तो टाळावा, कारण ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकून हलत नाही.

माझी भाची आणि तिची गुरुभगिनी सध्या कर्वेनगरमध्ये हे करताहेत. भाचीची पट्टी काळी पाच, मैत्रिणीची पांढरी पाच. पहिला तुकडा बसलाय, दुसऱ्यात खालची ओळ मैत्रिणीच्याही गळ्याला पोचत नाही. अख्खा तुकडा वर चढवायचा की दोघींनी मध्येच ओळी बदलायच्या, यावर परवा फोनवर अर्धा तास गेला. मी म्हटलं, दोन्ही करून बघा आणि मला पाठवा.